भुलीच्या साहेबांची मासवडी

माझ्या दवाखान्याच्या बरोबर समोर राहायला आलेला माणूस डॉक्टर आहे, आणि तोही मुंबईचा, ही बातमी सरपंच तात्यांनी आणली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी खिडकीशी धावलो. टेम्पोतून एक लोखंडी पेटी, एक गादी आणि एक भलंमोठं पातेलं उतरत होतं. पातेलं बघून मला जरा धीर आला. तेवढ्यात तात्या म्हणाले, "मुंबैच्या लई मोठ्या हास्पिटलात डिपारमेंटचा मुख्य व्हता म्हनं. आता आपल्या गावाची चैन झाली, डाक्टर." आणि वर मलाच विचारतात, "तुमचं तोंड का उतारलं?"

तोंड उतरणार नाही तर काय होणार? नव्वदीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. महाळुंगे पडवळमध्ये दवाखाना टाकून मी नुकताच कुठे स्थिरावलो होतो. आयुर्वेदाची पदवी, एक स्टेथोस्कोप, सुया उकळायचं भांडं आणि 'हातगुण चांगला आहे' अशी चार लोकांनी उठवलेली अफवा, एवढ्यावर माझा प्रपंच चालला होता. त्यात हा धोंडा दारात येऊन पडला. दोन दिवस मला जेवण गोड लागेना. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "खिडकीतून काय बघत बसता चोरासारखं? जा आणि सरळ विचारा, पाटी कधी लावताय म्हणून." मग मी पेढे घेऊन गेलो. प्रतिस्पर्ध्याच्या घरी पेढे न्यावेत असं कुठल्या शास्त्रात नाही, पण रिकाम्या हाताने जायची छाती होईना.

दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या, पन्नाशीच्या गृहस्थाने. एका हातात सुरी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, घरात कुणी गेलंबिलं की काय. मागे पाटावर कांद्यांचा ढीग दिसला.

"या या, बसा," ते म्हणाले. त्या माणसाचा आवाज काय सांगू तुम्हाला! दुपारच्या वेळी आईने थोपटावं तसा मऊ. ते चार वाक्यं बोलले आणि मला जांभई आली. मनात एवढी धास्ती असताना जांभई येणं हा अनुभव मी त्याआधी घेतलेला नव्हता.

"दवाखाना कधी सुरू करताय?" मी विचारलं.

"दवाखाना? छे हो! मी आचारी व्हायला आलोय. मासवडी शिकायची आहे."

आमच्या जुन्नर-आंबेगावकडची मासवडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. नावावर जाऊ नका, पदार्थ शुद्ध शाकाहारी. फोडणीच्या पाण्यात बेसन घेरून, म्हणजे थोडं थोडं सोडत ढवळून, घट्ट शिजवायचं, ते चुलीवरून उतरवल्या उतरवल्या ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं भाजलेलं सारण पसरायचं, आणि फडक्यानेच गुंडाळून माशाच्या पाठीसारखा आकार द्यायचा. मग वड्या कापायच्या आणि काळ्या मसाल्याच्या जाळ रश्श्यात घालून बाजरीच्या भाकरीबरोबर खायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण बेसन थापायचं ते हात पोळत असताना. जरा निवलं की तडे गेलेच म्हणून समजा.

तर हे गृहस्थ मुंबईला भूल देणारे डॉक्टर होते. गाव त्यांना पहिल्या दिवसापासून 'भुलीचं सायेब' म्हणायला लागलं, म्हणून मीही साहेबच म्हणतो. नोकरी का सोडली याची हकिकत ते कांदा चिरता चिरता सांगायचे, आणि दर वेळी ऐकणारा कुणीतरी पेंगायचा, त्यामुळे अख्खी हकिकत ऐकलेला बहुतेक मी एकटाच असेन. मी सोबत तपकीर ठेवायचो.

"कसं आहे डॉक्टर," ते म्हणायचे, "माझा पेशंट माझ्याकडे बघायचा तो भेदरलेल्या डोळ्यांनी. ओळख होते न होते तोवर मी त्याला झोपवायचो. तो जागा व्हायचा तेव्हा सर्जनला विचारायचा, साहेब, मी वाचलो ना? हार सर्जनला, पेढे सर्जनला. मी डोक्याशी बसलेलो असायचो, ते कुणाला आठवतच नाही. आठवणार कसं? आठवू नये म्हणून तर मला पगार होता."

एकदा आमच्याच गावच्या एका माणसाचं तिकडे ऑपरेशन झालं. घरच्यांनी सर्जनसाठी मासवडीचा डबा नेला. सर्जनला तिखट सोसत नव्हतं. डबा फिरत फिरत भुलीच्या साहेबांच्या टेबलावर आला. साहेबांनी पहिला घास घेतला, कानातून वाफा निघाल्या, नाक वाहायला लागलं, डोळे टक्क उघडले. "आयुष्यभर मी लोकांना झोपवत आलो," ते सांगायचे, "आणि या बाईनं एका वडीत मला खडबडून जागं केलं. मला वाटलं, हे काम खरं!" मग त्यांनी डबा कुणी केला त्याची चौकशी केली, वर्षभर विचार केला आणि राजीनामा दिला. लग्न केलेलं नव्हतं. एक बहीण होती, ती एसटीडीवर फोन करून रडायची.

डबा केला होता आमच्या हौसाबाईने. हौसाबाई म्हणजे लग्नाकार्यात, जत्रेत मासवडी करणाऱ्या बायकांची म्होरकी. साठीची, बुटकी, काळीसावळी, आणि तोंड असं की वळू बैल वाट सोडून जाईल. साहेब तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले, म्हणाले, "मला शिष्य करून घ्या." हौसाबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बापय मानसाला मासवडी? आन् त्ये बी मुंबैच्या? लसूण सोलता येतो का?" साहेब म्हणाले, शिकेन. त्या दिवसापासून ते लसूण सोलायला लागले आणि गावात बायकांना बोलायला दुसरा विषय राहिला नाही.

साहेबांना एक विचित्र खोड होती. झोपलेला माणूस त्यांना बघवत नसे. जुन्या धंद्याची सवय, दुसरं काय! ऑपरेशन संपलं की पेशंटला जागं करायचं हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की एसटीत, पारावर, लग्नाच्या मांडवात, जिथे कुणी डोळे मिटलेले दिसेल तिथे ते जाऊन उभे राहायचे. आधी छातीकडे बघायचे, श्वास नीट चाललाय ना. मग गालावर हलकी चापट, आणि, "डोळे उघडा. नाव काय तुमचं? शाब्बास. आता जीभ बाहेर काढा बघू."

गंमत अशी की माणसं ऐकायची. अर्धवट झोपेत त्या आवाजाला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. एकदा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तात्यांचा दुपारचा डोळा लागला होता. साहेबांनी त्यांना जागं केलं. "नाव सांगा." तात्यांनी पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. "जीभ बाहेर." तात्यांनी वीतभर जीभ बाहेर काढली. नेमकी त्याच क्षणी तालुक्याहून गटविकास अधिकाऱ्यांची जीप येऊन थांबली. आमच्या गावाच्या रस्त्याचं काम त्या वर्षी मागे पडलं ते त्या जिभेमुळे, असं विरोधी पार्टी अजून सांगते.

आणि दुसऱ्या बाजूने याच माणसाचा आवाज असा गुंगीचा. शाळेने एकदा त्यांना 'आरोग्य' या विषयावर बोलायला बोलावलं. दहा मिनिटांत पहिलीपासून सातवीपर्यंत शाळा आडवी. मुख्याध्यापक खुर्चीत मान टाकून घोरायला लागले. भाषण संपवून साहेबांनी समोर पाहिलं आणि घाबरेघुबरे होऊन एकेकाला जागं करत सुटले. म्हणजे झोपवणारेही हेच आणि झोपले म्हणून धावपळ करणारेही हेच. सगळ्या शाळेने ओळीने जिभा बाहेर काढलेल्या मी स्वतः बघितल्या आहेत.

आता स्वयंपाकाचं सांगतो. खरं सांगायचं तर साहेबांना मासवडी येत नव्हती. वर्ष गेलं, दुसरं लागलं, तरी त्यांच्या वडीला तडा जायचाच. कारण हौसाबाईने पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. "सायेब लई जपून थापत्यात," ती मला म्हणाली. "पीठ काय मरतंय का? हान की दोन रट्टे!" पण साहेबांचा हात आयुष्यभर जपण्यात गेलेला. ते अलगद थापायचे, दर थापेला थांबून बघायचे, तोवर बेसन निवायचं. वडी कापली की सारण इकडे, कवच तिकडे.

आणि तरी तो माणूस इतका खुश! मी एकदा विचारलं, "साहेब, रोज बिघडतं, तुम्हाला वाईट नाही वाटत?" तर म्हणाले, "डॉक्टर, तिथं माझी चूक झाली असती तर माणूस उठलाच नसता. रात्र रात्र छातीवर दगड असायचा हो. इथं चूक झाली तर माणूस फार तर पाणी पितो. केवढी चैन आहे ही!" त्या दिवशी मला तपकिरीची गरज पडली नाही.

साहेबांच्या सुखात मिठाचा खडा एकच होता, आणि तो टाकला आमच्या गावाने.

लोक सुरुवातीला त्यांच्याकडे दुखणी घेऊन जायचे. साहेब हात जोडून म्हणायचे, "मी आचारी आहे. डॉक्टर समोर," आणि माझ्या पाटीकडे बोट दाखवायचे. त्यामुळे माझा दवाखाना बुडायचा तो उलट भरभराटीला आला. मला वाटलं, चला, देव पावला. पण आमची माणसं म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेली! त्यांनी आपसात बसून अर्थ लावला. एवढा मोठा डॉक्टर उगाच का वड्या करत बसेल? औषध उघड देत नसणार, वडीतून देत असणार.

झालं. साहेब हौसेने आपली फुटकी मासवडी घरोघर वाटायचे, आणि लोक ती देव्हाऱ्याशेजारी फडताळात ठेवायचे. सकाळी एक तुकडा, संध्याकाळी एक तुकडा. गुडघेदुखीला रश्श्यासकट, पित्ताला रश्श्याविना. एक म्हातारी तर डोळे मिटून, नाक दाबून पाण्याबरोबर गिळायची. वर साहेबांना विचारायची, "सायेब, ह्याच्यावर पथ्य काय पाळायचं?"

साहेब कळवळून विचारायचे, "आजी, चव कशी झाली होती?"

"लई गुन आला बगा."

"गुण राहू द्या हो. चव?"

"आवो, औशदाला कुनी चव बगतं व्हय?"

मी हसून हसून लोळलो होतो त्या दिवशी. पण साहेब हसले नाहीत. संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसले. "डॉक्टर, या गावात एकानं तरी माझी वडी खाऊन तोंड वाकडं करावं, शिवी द्यावी, नाहीतर अजून एक मागावी. एवढंच हवंय मला. हे लोक इथंही माझ्याशी भूल दिलेल्या पेशंटसारखेच वागतात. विश्वासानं तोंड उघडतात आणि काही बोलत नाहीत." त्यांना या गावाकडून फक्त आचारी म्हणवून घ्यायचं होतं, आणि गाव नेमकं तेवढंच सोडून सगळं म्हणायला तयार होतं. मला त्यांची दया आली, पण मी तरी काय करणार? मी चव सांगितली तर म्हणायचे, "तुम्ही शेजारी आहात, तुमचं धरत नाही."

हौसाबाई चव सांगेल असं तुम्हाला वाटेल. पण तिची रीत निराळी. तिच्या लेखी साहेब अजून लसणावरच होते. "ज्याची वडी फुटती त्येची चव कसली बगायची?" असं म्हणून ती त्यांची वडी तोंडातच घालत नसे.

जत्रा पंधरवड्यावर आली होती. गावजेवणासाठी देवळामागे चुली मांडायच्या म्हणून हौसाबाई सरपण काढायला गेली. भर सकाळ. ढिगात हात घातला आणि नागाने मनगटाच्या वर डंख मारला. तिची सून मंदा आणि दोघी बायका तिला धरून माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. तोवर ती शिव्या देत होती, नागाला आणि सरपण रचणाऱ्यालाही.

माझ्याकडे विषावरच्या इंजेक्शनच्या काही कुप्या असायच्या. मी सलाईन लावलं, औषध सुरू केलं, तात्यांना जीप आणायला पिटाळलं. पण बघता बघता हौसाबाईच्या शिव्या जड व्हायला लागल्या. जीभ अडखळली. मग पापण्या खाली आल्या, मान लुळी पडली, छाती हलायची थांबली. हौसाबाई गप्प! मंदाने हंबरडा फोडला. जीप घेऊन परतलेल्या तात्यांनी दारातच टोपी काढली.

तेवढ्यात कोपरापर्यंत बेसनाने माखलेले साहेब समोरून धावत आले. त्यांनी एक क्षण बाईच्या तोंडाकडे पाहिलं, डोक्याशी गेले, जबडा वर उचलला आणि मला म्हणाले, "चुलीजवळचा फुगा आणा. आणि पेटीतला मास्क. पळा!"

त्या फुग्याबद्दल सांगायचं राहिलंच. पेशंटचा श्वास थांबला तर हवा द्यायचा रबरी फुगा असतो ना, तो साहेबांनी मुंबईहून आणलेला होता आणि रोज त्याने ते चूल फुंकायचे. फुंकणीपेक्षा जाळ चांगला लागतो म्हणायचे. मी तो आणला, राखेने माखलेला. त्यांनी सदऱ्याला पुसला, मास्क लावला, आणि हौसाबाईचा श्वास आपल्या हातात घेतला. छाती पुन्हा वर-खाली व्हायला लागली. त्या हाताला कंप नव्हता, घाई नव्हती. मासवडी थापताना ज्या जपण्याला आम्ही हसत होतो, तेच ते जपणं.

जीप पुण्याच्या वाटेला लागली. तात्या चालवतायत, मी सलाईनची बाटली धरलीय, साहेब फुगा दाबतायत, आणि मंदा रडतेय, "आत्या, मला सोडून गेल्या वो!"

"मंदाताई," साहेब म्हणाले, "त्या कुठेही गेलेल्या नाहीत. त्या टक्क जाग्या आहेत. या विषानं हातपाय, पापण्या, छाती, सगळं ढिलं पडतं, पण कान चालू असतात. तुम्ही बोलताय ते सगळं त्यांना ऐकू येतंय. रडायचंच असेल तर जीप थांबवतो, खाली उतरून रडा."

मंदाने पदर तोंडात कोंबला. मग साहेब हौसाबाईच्या कानाशी वाकले आणि त्या मऊ आवाजात बोलायला लागले. "घाबरू नका हौसाबाई. श्वास माझ्याकडे द्या, तो माझा धंदाच आहे. तुम्ही नुसतं ऐका. आपण आता मासवडी करू. आधी खोबरं भाजू, मग कांदा, मग तीळ..." असं करत करत त्यांनी मंचर गेलं, खेड आलं, तरी तोंडाने मासवडी चालूच ठेवली. एक झाली की दुसरी. हात दमला की डाव्याने दाबायचे, पण फुगा थांबला नाही आणि मासवडीही थांबली नाही. घाटात तात्या मागे न बघता ओरडले, "सायेब, जरा बारीक आवाजात सांगा राव, मला पेंग याया लागलीय, आन् खाली दरी हाय!"

मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. घामाने थबथबलेले, आणि डोळ्यांत जी भीती होती ती मी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा बघितली. मला खरं सांगायला लाज नाही, मी त्या वेळी नवस बोललो. हौसाबाईसाठी बोललो आणि त्यांच्यासाठीही.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात यंत्र जोडलं गेलं. तिथल्या भुलीच्या डॉक्टरांनी साहेबांना पाहिलं आणि सरळ वाकून नमस्कारच केला. त्यातले दोघे त्यांचे जुने विद्यार्थी निघाले. "सर, तुम्ही इथं या, आम्ही तुमची खोली तयार ठेवतो," म्हणायला लागले. साहेब म्हणाले, "बघू, बघू," आणि काचेतून हौसाबाईकडे बघत उभे राहिले. तीन दिवस जागचे हलले नाहीत.

यंत्र काढलं तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती होतो. हौसाबाईने डोळे उघडले, घसा खाकरला, साहेबांना शोधलं. मंदाला वाटलं, आता सासूबाई त्यांचे पाय धरणार.

"मुडद्या," हौसाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तीळ आदी भाजायचं का कांदा? साऱ्या वाटंनं चुकीचं सांगत व्हतास, आन् मला वरडता बी येईना!"

साहेब तिथेच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण हौसाबाई वाचली आणि साहेबांचा आचारी मेला. आठ दिवसांत राजुरीपासून डिंभ्यापर्यंत बातमी पसरली की महाळुंग्यात मेलेल्या माणसाला उठवणारा डॉक्टर आहे. बैलगाड्या, जीपगाड्या, एसटीने माणसं यायला लागली. साहेबांच्या दारात रांग. ते "समोर, समोर" म्हणून दमले, पण ऐकतंय कोण? लोक रांगेत उभं राहून वडी मागायला लागले, आणि ती कागदात बांधून कपाळाला लावायला लागले.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तर साहेब लोखंडी पेटी भरत होते.

"निघालो डॉक्टर," ते म्हणाले. "इथं आता मला आचारी कुणी म्हणणार नाही. पुण्यात तरी जे आहे ते सरळ आहे. झोपवायचं, जागं करायचं, घरी जायचं. माझा हट्टच खुळा होता."

ज्या माणसाने गावातून जावं म्हणून मी कधीकाळी दोन दिवस उपाशी राहिलो होतो, तो जाणार म्हणून मी पेटीचं झाकण धरून ठेवलं. मी सरळ सांगितलं, "साहेब, तुम्ही गेलात तर मला करमणार नाही." त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. पण हौसाबाईचा निरोप आलेला होता, उद्याच्या गावजेवणाची मासवडी साहेबांनी करायची, तिच्या हातात अजून जोर नाही. तेवढं उरकून संध्याकाळच्या गाडीने जाईन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवळामागे चुली पेटल्या. हौसाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती, आणि साहेब बायकांच्या घोळक्यात बेसन थापत होते. "हान! हान की! मला उठीवलंस तवा न्हाई लाजलास, आन् पिटाला लाजतोस?" असा वरून मारा. साहेबांनी डोळे मिटले आणि थापलं, पोळणाऱ्या बेसनावर दणादण. त्या दिवशी वड्या फुटल्या नाहीत. थोड्या वाकड्या झाल्या, पण फुटल्या नाहीत.

पंगत बसली. वाढून झालं. आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं. दीडशे-दोनशे माणसं, पण मांडवात आवाज नाही. एकेकाने वडी कपाळाला लावली, डोळे मिटले आणि हळूच तोंडात टाकली. कुणी पुटपुटलं, "गुन येऊ दे रं देवा." साहेब खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

हौसाबाईने आपल्या ताटातली वडी उचलली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने साहेबांच्या हातची वडी तोंडात घातली. चावली. थांबली. आणि सगळा मांडव दणाणेल असं ओरडली, "तीळ जाळलं! कुनाला जिमीन सारवायला दिलीस का वडी? मीठ तर मुठीनं वतलंय! डाक्टर म्हनून जीव वाचीवला त्येचं उपकार हाईत, त्ये म्या फेडीन. पन आचारी म्हनून हे माज्या पंगतीला चालायचं न्हाई!"

मांडव थिजला. कपाळाला वडी लावलेले हात तसेच राहिले. देवमाणसाला कुणी असं बोलतं का? पण बोलणारी हौसाबाई होती, आणि जीव तिचाच वाचलेला होता.

मग तात्यांनी घास गिळला आणि चाचरत म्हणाले, "तसं... खरं बोलायचं तर राव... मीठ जरा झालंयच जास्ती."

बांध फुटल्यासारखं झालं. "रश्श्याला तरी न्हाई!" "लसूण कच्चा हाय की!" "वडी वाकडी का?" "माज्या घरच्या ह्याच्यापरीस बरी करत्यात!" दोन वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ज्या म्हातारीने नाक दाबून तुकडे गिळले होते ती तर म्हणाली, "मला पयल्या दिशीच खारट लागली व्हती, पन म्हनलं औशद आसंल." माणसं बोलत होती, हसत होती, आणि मुख्य म्हणजे खात होती. ताटं रिकामी व्हायला लागली. साहेब खांबाला धरून एकेक तक्रार ऐकत होते.

तात्यांनी आपली वाटी वर धरली.

"ओ आचारी! हिकडं रस्सा कोन वाडनार?"

साहेबांनी आधी मागे वळून पाहिलं, हाक दुसऱ्या कुणाला असेल म्हणून. मागे कुणीच नव्हतं. मग त्यांनी बेसनाच्या हाताने डोळे पुसले, रश्श्याची बादली उचलली आणि "आलो तात्या, आलो!" म्हणत पंगतीत धावले.